मजुरी रात्रभर ठेवू नका: लेवीय १९:१३ आणि घरातला पगार

मलाखी ३:१० माहीत नाही असा ख्रिस्ती माणूस सापडणं कठीण. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, भांडारात आणा आणि आकाशकपाटं उघडतात की नाही ते पाहा, हे वचन अर्पणाच्या थैलीबरोबर वर्षभर मंडळीत फिरत असतं. त्याच अध्यायात पाच वचनं वर परमेश्वर म्हणतो की मी न्यायासाठी तुमच्याजवळ येईन, आणि कुणाकुणाविरुद्ध साक्ष देणार त्यांची यादीही देतो. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्याच दमात मजुराची मजुरी अडवणारे, विधवा-अनाथांना गांजणारे, परदेशीयाचा हक्क बुडवणारे. यावर उपदेश शेवटचा कधी ऐकला, आठवून पाहा. दशांश मागणारा देव आधी पगाराची वही मागतो, हे ३:१० वर बोलताना सोयीस्करपणे राहून जातं.

या यादीतल्या मजुरीच्या कलमाचं मूळ लेवीय १९:१३ मध्ये आहे. शेजाऱ्यावर जुलूम करू नकोस, त्याला लुबाडू नकोस, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस. पहिल्या दोन आज्ञा वाचताना आपण मान डोलावतो, कारण जुलूम आणि लुबाडणूक नेहमी दुसरं कुणी तरी करत असतं. तिसरी नीट वाचा. तिच्यात मजुरी बुडवल्याचा शब्दही नाही. हा मालक पैसे देणार आहे, पूर्ण देणार आहे, उद्या सकाळी उठल्याबरोबर देणार आहे. तरी नियमशास्त्र त्याला लुबाडणाऱ्याच्या शेजारी उभं करतं. रक्कम बरोबर आणि वेळ चुकीची, एवढंच पुरेसं आहे.

हे वचन कुठे बसलंय तेही बघण्यासारखं आहे. ‘पवित्र व्हा’ अशी सुरुवात झालेला हा अध्याय. नवव्या-दहाव्या वचनात शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायला सांगितलंय, चौदाव्यात बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका आणि आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नका असं आहे, आणि अठराव्यात ते सुप्रसिद्ध ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’. शेजारप्रीतीच्या पाटीवर छापायला अठरावं वचन सगळे घेतात. तिथपर्यंत पोचायच्या वाटेवर पाच वचनं आधी संध्याकाळचा पगार आहे.

कारण हवं असेल तर अनुवाद २४:१४-१५ उघडा. मजूर तुमच्या भाऊबंदांतला असो वा तुमच्या गावात राहणारा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या. कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं चित्त त्या मजुरीवर लागलेलं आहे. नाहीतर तो तुमच्याविरुद्ध परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील आणि तुम्हाला पाप लागेल. सकाळी मालकाला हजार कामं असतात, मजुराला तेवढा एकच हिशेब असतो. तुम्ही ‘उद्या देते हं’ म्हणता ते तुमच्यासाठी तीन शब्द. तिच्यासाठी ती त्या रात्रीची भाजी, किराणावाल्याची उधारी, भिशीचा हप्ता आणि मुलाच्या क्लासची फी.

आता या वचनाला बगल देण्याच्या आपल्या नेहमीच्या वाटा. पहिली, ‘हे जुन्या कराराचं नियमशास्त्र, आपण कृपेखाली आहोत.’ याकोब ५:४ नव्या करारातच आहे आणि तिथे शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते, तो ओरडा सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. दुसरी, ‘ते रोजंदारीवाल्यांसाठी, आमची मावशी महिन्यावर आहे.’ खरंय. रोजंदारीला ठरलेली वेळ सूर्यास्त होती. महिन्याच्या पगाराला ठरलेली तारीख हाच सूर्यास्त. एक तारीख ठरली असेल तर पाच तारखेला दिलेला पगार म्हणजे चार रात्री ठेवलेला पगार. तिसरी वाट सगळ्यांत जास्त वापरातली: वाचताना आपण स्वतःला कायम मजुराच्या जागी बसवतो. याकोब पाच वाचताना डोळ्यांपुढे कारखानदार येतो, बिल्डर येतो, साखरसम्राट येतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटचा मालक, ज्याच्याकडे धुणीभांड्याला बाई येते, तो या चित्रात शिरतच नाही.

मत्तय २० चंही असंच होतं. द्राक्षमळ्याचा दाखला कृपेविषयी आहे, तसा तो शिकवलाच पाहिजे. पण आठव्या वचनात ‘संध्याकाळ झाल्यावर’ मालक कारभाऱ्याला कामकऱ्यांना बोलावून मजुरी द्यायला सांगतो. सकाळी आलेल्यांशी त्याने दिवसाचा एक दिनार आधी ठरवला होता. तिसऱ्या ताशी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, आलेल्यांना ‘जे योग्य असेल ते देईन’ म्हणाला आणि त्याच संध्याकाळी दिलं. अकराव्या ताशी आलेल्यांनी एकच तास काम केलं होतं, तरी त्यांनाही ‘तुमचं उद्या बघू’ असं ऐकावं लागलं नाही. ज्या मालकाच्या तोंडून येशू स्वर्गाचं राज्य समजावतो, तो लेवीय १९:१३ पाळणारा मालक आहे.

प्रत्यक्षात हे कसं आणायचं? मनन करताना वहीत एक पान घ्या आणि या महिन्यात आपल्याकडून कुणाकुणाला पैसे जायचे आहेत ती नावं लिहा. बँक, विमा, शाळा, मोबाइल कंपनी यांना लिहू नका. ते आपले पैसे घ्यायला समर्थ आहेत. ज्यांना मागायला संकोच वाटतो तेवढेच लिहा. धुणीभांडी, स्वयंपाक, आजारी माणसाजवळ बसणारी बाई, गाडी धुणारा, कचरा नेणारा, इस्त्रीवाला, पेपरवाला, शिकवणीच्या बाई, महिन्यापूर्वी नळ दुरुस्त करून ‘नंतर घेतो’ म्हणून गेलेला प्लंबर, ब्लाउज शिवून देणारी शेजारीण. नावासमोर ठरलेली तारीख आणि रक्कम लिहा. जिथे तारीख ठरलेलीच नाही तिथे बहुतेक वेळा दुखणं सापडतं, कारण न ठरलेली तारीख नेहमी देणाऱ्याच्या सोयीने येते.

घराचा हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो. त्याला आपण कधी ‘अगं विसरलेच’ म्हणत नाही. मावशींच्या पगाराबाबत मात्र विसरायला होतं, सुट्टे नसतात, एटीएमला जायला जमत नाही, साहेब गावाला गेलेले असतात. यावर उपाय साधा आहे. रोख देत असाल तर महिन्याच्या २८ तारखेला पैसे काढून पाकिटात घाला, पाकिटावर नाव लिहा. २,७५० द्यायचे असतील तर ५० ची नोट त्यातच ठेवा. ‘सुट्टे नाहीत, ५० पुढच्या वेळी’ ही दर महिन्याची लहान चोरी असते. यूपीआयने देत असाल तर आधी विचारा की खातं कुणाच्या नावाचं आहे. बरेचदा नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि पैसे तिच्या हाती पडतच नाहीत. असं असेल तर रोखच द्या. एक तारखेला घरी नसणार असाल तर आधी द्या. तिला मागावं लागलं तर वचन मोडलं, असं धरून चाला. तिच्या तोंडून ‘ताई, तेवढा पगार’ हे शब्द निघण्यापूर्वी पाकीट हातात पडायला हवं.

खाड्यांचा हिशेब हा खरा भांडणाचा मुद्दा, म्हणून तो आकड्यांत बघू. पगार ३,५००, रविवारी सुट्टी, म्हणजे महिन्याला साधारण २६ कामाचे दिवस. तिचे चार खाडे झाले. कापायचेच असतील तर ३,५०० ला ३० ने भागा: दिवसाला ११७ रुपये. याच महिन्यात तुम्ही पाहुणे आले म्हणून तिला एका रविवारी बोलावलंत, तर त्या दिवसाचे देताना मात्र २६ ने भागा: १३५ रुपये. कापताना ३० आणि देताना २६. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं आणि दोन्हीकडून नुकसान तिचंच होतं. हा फरक महिन्याला पन्नास-शंभरचा असतो. तो कुठल्या बाजूला झुकवायचा हे अनुवाद २४ वाचलेल्या माणसाला सांगावं लागू नये. त्या अध्यायातले बहुतेक नियम दुबळ्याच्या बाजूला कललेले आहेत. आणि खरं तर महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आधीच ठरवून टाका. मग वरच्या हिशेबात दोनच खाडे उरतात, २३४ रुपये कापले जातात आणि हातात ३,२६६ पडतात. रविवारचे १३५ धरून ३,४०१. शेवटचा एक रुपया कापत बसू नका. तुम्ही गावाला गेलात म्हणून तिला आठवडाभर यायला नको सांगितलंत, तर तो खाडा तिचा नव्हे, तुमचा. त्याचे पैसे कापणं म्हणजे आपल्या सुट्टीचा खर्च तिच्याकडून वसूल करणं.

फुटलेल्या कपबशीचे पैसे कापू नयेत हे वेगळं सांगायला नको, पण सांगतेच. आपल्या हातून फुटते तेव्हा कुणी कापत नाही.

पहिला पगार ‘दाबून’ ठेवायची पद्धत अजून जिवंत आहे. बाई मध्येच सोडून जाईल म्हणून पहिल्या महिन्याचे पैसे दुसऱ्या महिन्याच्या शेवटी द्यायचे. अनुवाद २४:६ म्हणतं की कुणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नका, कारण ते त्याचं जगण्याचं साधनच गहाण घेणं आहे. दाबलेला पगार ही तीच वरची तळी. पोलिस पडताळणीसाठी आधार कार्डाची झेरॉक्स घ्या. मूळ कार्ड, रेशनकार्ड, मुलाचा दाखला ‘जपून ठेवते’ म्हणून ठेवून घेऊ नका. तिथेच पुढे दहाव्या-अकराव्या वचनात धनकोने तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं असं आहे. गरिबाच्या उंबरठ्यालाही मान आहे.

उचल हा आणखी नाजूक विषय. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या माणसाला उचल म्हणजे काय हे समजावायची गरज नाही. ती फिटत नाही तोवर माणूस मुकादमाचा असतो. शहरातल्या घरांतही तिचं छोटं रूप चालतं. पोरीच्या लग्नाला १०,००० दिले, पगार ३,५००, आणि दरमहा १,००० कापायला सुरुवात केली. मग दहा महिने तिच्या हातात २,५०० पडतात, आणि तिसऱ्या महिन्यात ती दुसऱ्या कुणाकडून व्याजाने पैसे उचलते. मग आपण म्हणतो, ‘यांना कितीही द्या, पुरतच नाही.’ तेच ५०० ने कापले तर वीस महिने लागतात, पण महिना ३,००० वर चालतो. हप्ता किती हे तिला विचारून ठरवा. ज्या महिन्यात पैसे दिले त्याच्या पुढचा एक महिना सोडून कापायला लागा, कारण लग्नानंतरचा किंवा दवाखान्यानंतरचा महिना सर्वांत कोरडा असतो. जूनमध्ये, शाळा सुरू होताना, हप्ता थांबवा. निर्गम २२:२५ प्रमाणे व्याज नाहीच, आणि व्याजाच्या ऐवजी ‘जरा बाथरूमही घासून जा’ हेही नाही. वही दोन ठेवा, एक तिच्याकडे. तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीला दाखवा आणि दर हप्त्याला उरलेला आकडा मोठ्याने सांगा. शेवटचे दोन हजार सोडून देणं जमत असेल तर सोडा, पण ते आधीच जाहीर करून मोठेपणा घेऊ नका.

पगार ठरवताना लाबानाची आठवण ठेवावी. उत्पत्ति ३१ मध्ये त्याचा जावई याकोब (पत्राचा लेखक याकोब वेगळा) त्याला सुनावतो की वीस वर्षं तुझी चाकरी केली, चौदा तुझ्या मुलींसाठी आणि सहा कळपासाठी, आणि तू माझं वेतन दहादा बदललंस. लाबानाने वेतन दिलं नाही असं नव्हे. ठरलेलं मोडत राहिला. कामाला ठेवताना ‘तीन माणसांची भांडी’ ठरतात, मग गावाहून सासूबाई येतात, पुतण्या कॉलेजसाठी राहायला येतो, आठवड्यातून एकदा ‘जरा जाळी-जळमटं’ निघतात. पगार तोच. काम वाढलं की त्याच आठवड्यात आकडा वाढला पाहिजे, आणि काहीच बदललं नाही तरी वर्षाला एकदा, तिने मागायच्या आत. महिना निवडायचा असेल तर जानेवारी घ्या. नववर्षाच्या उपासनेला संकल्प करतोच आपण.

कुणी म्हणेल, आम्ही पगाराशिवाय किती तरी देतो. जुन्या साड्या, उरलेलं जेवण, नाताळला करंज्या आणि केक. लेवीय १९ मध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या वचनांत आहेत. नवव्या-दहाव्यात सरवा, म्हणजे गरिबांनी वेचावं म्हणून शेतात सोडलेलं पीक, आणि तेराव्यात मजुरी. सरव्याने मजुरी फिटत नाही. रूथच्या पुस्तकात बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतावर कापणीवाले कामाला होते आणि परक्या मवाब देशातून आलेली विधवा रूथ सरवा वेचत होती. बवाजाने कापणीवाल्यांना ‘आज सरवाच घ्या’ असं सांगितलं नाही. शिवाय सरवा म्हणजे कापायचं सोडलेलं ताजं धान्य होतं, आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलेला भात नव्हे. रूथने त्या दिवशी जे वेचलं ते झोडपल्यावर एक एफाभर सातू निघालं, म्हणजे सुमारे २२ लिटर. द्यायचं असेल तर सकाळी केलेल्या भाजीतून तिच्या डब्यात आधी काढा.

आणि तो वेगळा कप. रूथ २:१४ मध्ये जेवणाच्या वेळी बवाज मवाबी स्त्रीला जवळ बोलावतो, भाकर शिरक्यात बुडवून खा म्हणतो, आणि हुरडा स्वतः तिच्या हाती देतो. ती पोटभर खाते आणि उरतंही. ख्रिस्ती घराच्या ओट्याखाली कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असेल तर त्या घरात रूथचं पुस्तक कसं वाचलं जातं याचा विचार व्हावा. नगर आणि जालन्याकडच्या मंडळ्यांतल्या अनेक कुटुंबांना ‘वेगळा कप’ म्हणजे काय हे आजी-आजोबांकडून माहीत आहे. रास झाल्यावर खळ्यावरून जे मिळेल ते घेऊन गप्प परतणं काय असतं, हेही. अनुवाद २४ मध्ये दोनदा, अठराव्या आणि बाविसाव्या वचनात, एकच वाक्य येतं: तू मिसर देशात दास होतास हे आठव. मालक झालेल्या मजुरांच्या नातवंडांनाच ते सांगितलेलं आहे.

रविवारचं काय करायचं? अनुवाद ५:१४ मध्ये विसाव्याच्या दिवसाची आज्ञा देताना कारण जोडलंय, की तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. उपासनेहून आल्यावर मटणाचा बेत, चार पाहुणे आणि ‘मावशी, आज तेवढं संध्याकाळी येऊन जा’ हा आपल्याकडचा ठरलेला रविवार आहे. रविवारची भांडी घरातल्यांनी घासावीत, मुलांसकट. संडे स्कूलमध्ये पाठ केलेल्या चौथ्या आज्ञेचा गृहपाठ म्हणून याहून सोपं काही नाही. बोलवायलाच लागलं तर आदल्या दिवशी विचारा, जादा दिवसाचे पैसे त्याच दिवशी द्या, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक ठेवा. बोनसही आपल्या नाताळला देण्यापेक्षा तिच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी द्यावा. तिचा खर्च तेव्हा असतो.

घराचं काम काढणाऱ्यांनी यिर्मया २२:१३ पासून पुढे भिंतीवर लिहून ठेवावं, रंग द्यायच्या आधी. यहोयाकीम राजा प्रशस्त घर बांधतो, वरच्या मजल्यावर हवेशीर खोल्या, मोठ्या खिडक्या, भिंतींना गंधसरूच्या फळ्या, हिंगुळाचा रंग. आणि शेजाऱ्याला राबवून घेऊन त्याची मजुरी देत नाही. संदेष्टा म्हणतो, हाय हाय! पुढे सोळाव्या वचनात त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण काढली आहे: त्याने दीनदुबळ्याला न्याय दिला, आणि मला ओळखणं ते हेच नव्हे काय? देवाची ओळख म्हणजे काय याचं इतकं रोखठोक उत्तर बायबलमध्ये फार ठिकाणी नाही, आणि ते मिळतं घर बांधण्याच्या भांडणात.

आपल्याकडे हे असं घडतं: ठेका ८०,००० चा, काम सुरू होताना ३०,०००, मध्ये ३०,०००, शेवटचे २०,००० ‘फिनिशिंग झाल्यावर’. मग फिनिशिंग कधीच होत नाही. खिडकीच्या कोपऱ्यात एक डाग राहतो आणि त्या डागासाठी २०,००० तीन महिने अडकतात. ठेकेदार स्वतःचा वाटा आधी काढून बसलेला असतो, त्यामुळे उपाशी राहतो तो रंगारी आणि बिगारी. इथे दोन गोष्टी कराव्यात. सुरुवातीलाच कागदावर लिहा की दुरुस्तीसाठी किती अडवायचे. ५,००० पुरे, आणि तेही पंधरा दिवसांच्या मुदतीने. बाकी काम संपल्या संध्याकाळी. दुसरं, कामगारांना आठवड्याचा पगार मिळतो का हे शनिवारी त्यांनाच विचारा. ‘ते ठेकेदार बघेल’ हे उत्तर कायद्यात चालत असेल. याकोब ५:४ मध्ये ओरडा शेताच्या मालकाविरुद्ध जातो. मालात खोट असेल तर माल बदलून मागा, हक्काने मागा. मजुराचा रोज मात्र त्या वादात ओढू नका.

कायद्याचं थोडक्यात. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना पुढच्या महिन्याच्या सात तारखेची मुदत घातली, आणि कामावरून काढलेल्याचा हिशेब दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर चुकता करायला सांगितला. घरातली धुणीभांडी त्यात कधी मोजली गेली नाहीत. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. त्यात नोंदणी करायला आपल्या मावशींना मदत करा, अर्जाबरोबर अर्धा दिवस सुट्टीही द्या. पण घरातल्या पगाराची तारीख पाळायला लावणारं अजून तरी आपल्या विवेकाशिवाय कुणी नाही. काम सोडताना तर फारच. सहा वर्षं राबलेल्या दासाला मोकळं करताना रिकाम्या हाती पाठवू नकोस, कळप, खळं आणि द्राक्षकुंड यांतून सढळ हाताने दे, हे अनुवाद १५:१३-१४. पाच-सहा वर्षं काम केलेली बाई थकली म्हणून सोडते तेव्हा दर वर्षामागे निदान अर्ध्या महिन्याचा पगार काढून ठेवलेला असावा. ३,५०० पगार आणि सहा वर्षं म्हणजे १०,५००. दरमहा १५० बाजूला टाकले तर सहा वर्षांत १०,८०० जमतात, एकदम बोजा पडत नाही.

मंडळीचा हिशेबही उघडायला हवा. १ तीमथ्य ५:१८ पाळकाच्या पगारासाठी वापरतात, बैलाला मुसकी बांधू नको आणि कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे. बरोबर आहे, पाळकाचा पगार दशांश जमेपर्यंत थांबवणारी मंडळी या वचनाखाली येते. पण चर्चचा शिपाई, झाडलोट करणारी बाई, रात्रीचा वॉचमन, मंडप घालणारा, नाताळच्या आधी चर्चला रंग देणारे कारागीर, त्यांची बिलं कमिटीच्या बैठकीत ‘पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हणून सरकतात. नाताळच्या उपासनेला नव्या रंगाचा वास येत असतो आणि रंगाऱ्याचे पैसे ईस्टरला निघतात. खजिनदाराला चार-पाच हजारांपर्यंतची मजुरी बैठकीशिवाय, काम झालेल्या दिवशी द्यायचा अधिकार ठरावाने द्या. पुढच्या बैठकीत पावती मांडली की झालं. वार्षिक अहवालात ‘देणी’ या शीर्षकाखाली मजुरीची एकही ओळ दिसता कामा नये.

आता मागे राहिलेल्याचं. कुणाचे तरी कधी तरी राहिलेले असतातच. लेवीय ६:१-५ प्रमाणे शेजाऱ्याचं जे जुलमाने ठेवून घेतलं ते पूर्ण परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि दोषार्पणाच्या दिवशीच द्यायचं. ४,००० राहिले असतील तर ४,८००. जक्कय या जकातदाराने लूक १९:८ मध्ये चौपट म्हटलं, ते त्याच्या उत्साहाचं. निदान पाचवा हिस्सा तरी आपण चुकवू नये. बाई आता कुठे राहते माहीत नसेल तर सोसायटीतल्या दुसऱ्या बायांना विचारा, वॉचमनला विचारा, जुना नंबर लावून बघा. ती वारली असेल तर मुलांना द्या. गणना ५:७-८ मध्ये क्रम अगदी स्पष्ट आहे: ज्याचा अपराध केला त्याला, तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, आणि नातलगही नसेल तरच ते परमेश्वराचं म्हणून याजकाकडे. अर्पणाची थैली शेवटी येते. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळून पैसे थैलीत टाकतो आणि मोकळे होतो. त्याने देणं फिटत नाही, जागा तेवढी बदलते.

देताना बोलायचं थोडंच. ‘मावशी, तुमचे मागचे इतके राहिले होते, हे घ्या, उशीर झाला.’ माफी मागायची तर साध्या शब्दांत. तिला ‘असू दे हो ताई’ म्हणायला भाग पाडेल अशी लांबण नको. आणि पाकिटात पैशांबरोबर सुवार्तेची पत्रिका घालू नका. तिच्या हक्काच्या पैशांना आपल्या साक्षीचं वेष्टण लागलं की ते पैसे कशाचे आहेत हे तिलाही कळत नाही आणि तिच्या घरच्यांनाही. वचनाविषयी कधी तिने आपणहून विचारलं तर सांगा, दुसऱ्या दिवशी, चहा घेताना, त्याच कपातून.